एकाच चंद्राचे महिने

आमच्या रायपूरच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी एकाच खिळ्याला दोन पंचांगं टांगलेली असायची. वर ‘कालनिर्णय’, नागपूरहून मामा घेऊन यायचा. खाली जबलपूरचं लाला रामस्वरूप, ते किराणावाला द्यायचा. आई तिथी वरच्यात बघायची आणि दुधाचे खाडे खालच्यावर मांडायची.

आषाढी पौर्णिमा उलटली की शेजारी सावन लागायचा. महादेवघाटावर सोमवारची रीघ, शेजारच्या सुनेचा उपास, त्यांच्या घरातून कांदा-लसूण हद्दपार. आमच्याकडे मात्र अजून आषाढच चाललेला, त्यामुळे आई निवांत कांद्याची भजी तळायची. पंधरा दिवसांनी आमचा श्रावण सुरू व्हायचा. राखी झाली की शेजारचा सावन आटोपायचा, पण आमचे सोमवार चालूच. कुंपणापलीकडून सून विचारायची, “तुंहर सावन अभी ले नइ सिराइस का, काकी?” आई म्हणायची, “उशिरा लागला ना बाई, मग उशिराच संपणार.”

भानगड साधी आहे. मराठी माणूस महिना अमावास्येला संपवतो, छत्तीसगढ आणि उत्तरेकडचा बहुतेक मुलूख पौर्णिमेला. म्हणून शुद्ध पक्षात दोघांचं एकमत, वद्य पक्षात महिन्याचं नाव वेगळं. हरेली ही सावनची अमावास्या. नांगर-कुदळी धुवून पुजायची, दाराला कडुनिंबाचे डहाळे खोचायचे, पोरांनी गेड्यांवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चढायचं. त्याच दिवशी आमच्याकडे आषाढी अमावास्या, दिव्यांची पूजा. पोरा भादोंचा, पोळा श्रावणाचा. बैल मात्र तेच, मातीचेच. तीजा आणि हरतालिका यांत काही वादच नाही, कारण ती शुद्ध तृतीया.

लहानपणी मला हे फक्त रायपूरचं दुखणं वाटायचं. पुढे हाईम सॅम्युएल केहिमकर यांचं बेने इस्रायलांच्या इतिहासावरचं पुस्तक वाचलं. लिहिलं १८९७ साली, छापलं गेलं १९३७ मध्ये तेल अवीवला. त्यातली सणांची यादी वाचताना मी आईला मोठ्यानं नावं वाचून दाखवली: नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, बिरड्याचा रोजा. आईनं विचारलं, “कुठल्या गावचे रे हे?” रायगडचे, म्हटलं. आणि ज्यू.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची मूळकथा आहे. ग्रंथ बुडाले, हिब्रू विसरली, अंगी तेलघाण्याचा धंदा आला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं नाव दिलं शनवार तेली. त्यांच्या सणांना हिब्रू नावं उरली नव्हती, तरी दिवस टिकले होते. नव्याचा सण म्हणजे ज्यूंचं नववर्ष, तिश्री महिन्याची प्रतिपदा. दरफाळणी म्हणजे दार लावून घेण्याचा दिवस, तिश्रीची दशमी, योम किप्पुर; पांढरे कपडे, कडक उपास, बाहेरच्या माणसाशी संबंध नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, भेटीगाठी आणि दानधर्म. अदार महिन्याच्या चतुर्दशीचा पुरीम यांच्याकडे होळीचा सण झाला, कारण गावात त्याच सुमारास होळी पेटायची. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक आव महिन्याच्या नवमीला. त्या दिवशी वालाचं बिरडं, म्हणून बिरड्याचा रोजा. मंदिर विस्मरणात गेलं, वाल राहिले. जी गोष्ट बाईच्या हातून चुलीवर जाते ती लवकर हरवत नाही, असं माझं मत आहे.

आता तिथ्या बघा: प्रतिपदा, दशमी, चतुर्दशी, नवमी. सगळ्या शुद्ध पक्षातल्या. ज्यूंचा महिना मुळात संध्याकाळी चंद्रकोर दिसली की सुरू व्हायचा, म्हणजे आपल्यासारखाच अमान्त. पंचांग नसलेल्या माणसालाही कोरेपासून दिवस मोजता येतात. बोटांवर दहा मोजले की दरफाळणी. कोकणात तर शेजारी मोजणारेही अमान्तच. हीच मंडळी फुटक्या जहाजातून पौर्णिमान्त मुलखात उतरली असती तर आमच्या आईसारखीच कुंपणावर खुलासे देत बसली असती. उलट हनुक्का हा ज्यूंचा सण येतो किस्लेवच्या पंचविसाव्या दिवशी, म्हणजे वद्य दशमी-एकादशीच्या आसपास, आणि तो बेने इस्रायलांना ठाऊकच नव्हता. त्याचं खरं कारण असं सांगतात की तो सण ज्या घटनेवरून पडला तिच्याआधीच हे लोक मूळ समाजापासून तुटले होते. वद्य पक्षाचा दाखला माझा मी जोडतो आहे, मनाला बरा वाटतो म्हणून.

एलुल महिन्यातल्या उपासांना हे लोक रमजान म्हणत. शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा. पण मुसलमानांच्या वर्षात अधिक महिना नाही, म्हणून त्यांचा रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत सगळे ऋतू फिरून येतो. बेने इस्रायलांचा रमजान पावसाळ्याच्या अखेरीला ठाण मांडून बसला. शब्द एका पंचांगातला, गणित दुसऱ्यातलं.

ते गणित तरी मूळचं कुठलं? बायबलच्या जुन्या भागात महिन्यांना बहुतेक करून नुसते आकडे आहेत: पहिला, दुसरा, सातवा. नावं चारच सापडतात: अवीव, झीव, एतानीम, बूल. अवीव म्हणजे सातूची हिरवी कणसं. पहिल्या महिन्याची खूण शेतातच. इस्रायलमधल्या गेझेर इथे १९०८ साली चुनखडीची एक पाटी मिळाली, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर वर्ष कामांनुसार वाटलेलं आहे: तोडणीचे दोन महिने, पेरणीचे दोन, पुढे सातूच्या कापणीचा एक, असं. छत्तीसगढी शेतकऱ्याला ती पाटी वाचून दाखवली तर तो हरेली कुठे बसते एवढंच विचारेल. आज प्रचलित असलेली निसान, तम्मूझ, तिश्री ही नावं बाबिलोनची. कैदेत गेलेले ज्यू परत येताना ती घेऊन आले. तम्मूझ तर चक्क बाबिलोनी देवाचं नाव. एकाच देवाला मानणाऱ्यांनी ते तसंच ठेवलं. महिन्याच्या नावावरून फार कुणी भांडत नाही, भांडणं तारखेवरून होतात.

वर्षारंभही दोन. निर्गमाच्या ग्रंथात देव मोशेला सांगतो की वसंतातला हा महिना तुमचा पहिला, तो निसान. पण वर्षाचा आकडा बदलतो तिश्रीत, म्हणजे सातव्या महिन्यात. परक्याला हे चमत्कारिक वाटतं, मराठी माणसाला वाटू नये. आपला शक चैत्रातल्या पाडव्याला बदलतो आणि गुजराती व्यापाऱ्याच्या चोपड्या कार्तिकातल्या पाडव्याला. ज्यूंच्या मिश्ना या ग्रंथात तर चार वर्षारंभ सांगितले आहेत, त्यातला एक झाडांचा, शेवात महिन्याच्या पौर्णिमेला. त्याच दिवशी बेने इस्रायल अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हानाबीचा उरूस करतात. संदेष्ट्याच्या रथाची खूण तिथल्या खडकावर उमटली अशी श्रद्धा आहे.

चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्षाला ११ दिवस कमी. ती तूट भरायला ज्यूंकडेही अधिक महिना आहे. पूर्वी जेरुसलेमचे जाणते लोक सातू पिकला की नाही ते पाहून तो ठरवत. पुढे, परंपरेप्रमाणे इ. स. ३५८-५९ च्या सुमारास, दुसऱ्या हिल्लेलनं गणित पक्कं केलं: १९ वर्षांत ७ अधिक महिने, आणि अधिक नेहमी अदारच. पहिला अदार, दुसरा अदार, पुरीम दुसऱ्यात. आपला अधिक मात्र फिरता. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, मग तो ज्येष्ठ निघो की श्रावण. गंमत म्हणजे पौर्णिमान्त पंचांगवालेही अधिक काढताना अमावास्या ते अमावास्याच धरतात. मूळ महिन्याच्या दोन पक्षांच्या मधोमध अधिक महिना घुसवतात, पोळीत पुरण भरावं तसा. हे कळल्यावर आईला केवढा आनंद झाला! “म्हणजे हिशेब आपलाच धरतात की,” म्हणाली. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे देण्याची चाल मात्र ज्यूंकडे असल्याचं कधी ऐकलं नाही.

दोन्हीकडचा अधिक वेगवेगळ्या वेळी येतो, म्हणून सणांच्या जोड्या जुळतात आणि सुटतात. २०२५ मध्ये योम किप्पुर आणि दसरा एकाच दिवशी होते, २ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये आपला अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. ज्यूंचा अधिक अदार लागतो फेब्रुवारी २०२७ मध्ये. तोवर दोन पंचांगांत एका महिन्याचं अंतर. ज्यूंचं ५७८७ वर्ष १२ सप्टेंबर २०२६ ला सुरू, आणि तो दिवस भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा, आश्विनाचा नव्हे. योम किप्पुर २१ सप्टेंबरला, दसरा थेट २० ऑक्टोबरला. २०२७ मध्ये गाडी पुन्हा रुळावर: होळी मार्चमधल्या फाल्गुनी पौर्णिमेला पेटणार, आणि २२ मार्चला सूर्यास्ताला पुरीम सुरू होणार.