बाळाचे दात, हिरड्या आणि बोअरचे पाणी

पांढरकवड्यात शाळेत शिकवताना आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. सात-आठ वर्षांची काही मुले हसताना तोंडावर हात धरतात. समोरच्या दातांवर पांढरे पट्टे, तपकिरी डाग. घरचे म्हणतात, "हा दातच घासत नाही." पण असे डाग पाण्यातल्या फ्लोराइडचेही असतात आणि ते घासून जात नाहीत.

केळापूर तालुक्यासह यवतमाळ जिल्ह्याच्या अनेक भागांत बोअर-हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले आहे. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. समोरचे कायमचे दात हिरडीच्या आत पहिल्या तीन-चार वर्षांतच घडतात. नुकसान तेव्हा होते, दिसते मात्र सातव्या वर्षी. म्हणून काळजी बाळपणापासूनच हवी.

पाणी : उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढते. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीकडे पाण्याचा तपासणी अहवाल मागा. आईच्या दुधात फ्लोराइड अगदी कमी असते. डब्याचे दूध द्यावे लागले तर ते तपासलेल्या पाण्यातच कालवा.

दात येण्याआधी : दूध पाजल्यावर स्वच्छ ओल्या मऊ कापडाने हिरड्या हलक्या हाताने पुसा. तहनीक खजुराने करा, मधाने नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा आहे. हिरड्या शिवशिवतात म्हणून मशेरी तर कधीच लावू नका.

दात आल्यावर : पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, तीन वर्षांपर्यंत २० दुधाचे दात पूर्ण होतात. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा घासा. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. मूल ती गिळणार नाही हे बघा. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर कोणती पेस्ट वापरायची, हे दातांच्या डॉक्टरांना विचारा.

रात्री : गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, दात किडतात.

"दुधाचेच दात, पडतील" असे दादी-नानी म्हणतात. पण त्या दातांनीच मूल चावायला आणि बोलायला शिकते, आणि नव्या दातांची जागाही तेच राखतात. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, तेव्हा मुलाचे दात आवर्जून दाखवा. आणि डाग असलेल्या मुलाला रागावू नका. त्यात त्याचा कसूर नाही.