खरखरीत अक्षराची कुळकथा

बालवाडीत खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवायची रीत मुळात निघाली ती शाळेनं नाकारलेल्या मुलांसाठी. 19व्या शतकात फ्रान्सचे डॉक्टर एदुआर सेगँ अशा मुलांना स्पर्शातून शिकवत. त्यांचं पुस्तक रोममध्ये डॉ. मारिया माँटेसरींनी अख्खं हातानं उतरवून काढलं आणि 1900च्या सुमारास 'मतिमंद' ठरवलेल्या मुलांसाठी लाकडी अक्षरं करून घेतली. 1907 साली रोमच्याच सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह काढलं, तेव्हा तशी अक्षरं मिळेनात. मग पॉलिशपेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवला. तो लाकडापेक्षा सरस ठरला! बोट वळणावरून घसरलं की गुळगुळीत पुठ्ठा लागतो, चूक पोराची पोरालाच कळते.

माँटेसरींचाच विचार घेऊन गिजुभाई बधेकांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर काढलं. तिथे काम केलेल्या ताराबाई मोडक ती दृष्टी घेऊन 1945 साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. सोबत त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. विकतची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, पानं, खडे हीच साधनं झाली. मुलं येईनात तर शाळाच वस्तीच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि वारली पाड्यांतल्या गुराख्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. हाताशी असेल त्यातून साधन घडवायची ही रोमचीच रीत, पण मला कोसबाडचं काम जास्त मोठं वाटतं. इथे शाळा मुलाच्या मागे रानात गेली.

पण अक्षर मेंदूत उतरतं कसं? वाचताना मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो, हे एमआरआयमधून 1990नंतर दिसू लागलं. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अडचण, असलेल्या मुलांत अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालणारे डावीकडचे भाग बहुधा कमी काम करताना दिसतात. अशा मुलाला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

अमेरिकेत करिन जेम्स यांचा 2012चा एक अभ्यास आहे, लहानसाच. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं टाइप केली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कोऱ्या कागदावर स्वतः काढली. पुढे तीच अक्षरं पाहताना मेंदूतली वाचनाची जागा जागी झाली ती स्वतः काढलेल्या अक्षरांना.

आपल्याकडे धूळ पसरलेल्या धूळपाटीवरही मूल बोटानं अक्षर स्वतः काढत असे. तेव्हा अंगणवाडीतल्या ताईंनो, गिरवून झालं की ताटलीत धूळ पसरा आणि पोराला त्याचा वाकडातिकडा 'ग' स्वतः काढू द्या.