आवाज, भूमिका आणि अस्मिता

आवाज ही व्यक्तीची निसर्गदत्त ओळख होय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास या गृहीताला छेद देतो. नारायण श्रीपाद राजहंस उर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी १९१६ मध्ये ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी आणि १९१९ मध्ये ‘एकच प्याला’मधील सिंधू साकारली. त्यांच्या गळ्यातून उमटणारे स्त्रीत्व भास्करबुवा बखल्यांची तालीम, पेहराव, नाट्यसंकेत आणि प्रेक्षकांची श्रवणसवय यांतून घडले होते. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. गळा तोच होता. भूमिकेबरोबर त्याचा लिंगभावी अर्थ मात्र पालटला. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीरूपात आले. तोवर हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगमंचावर आल्या होत्या. त्यांना आपला स्वर रिकाम्या अवकाशात उभा करायचा नव्हता. प्रतिष्ठित नाटकमंडळ्यांत स्त्रियांना स्थान नव्हते, त्या काळातच कुलीन स्त्रीच्या आवाजाचा आदर्श पुरुषांच्या गळ्यातून सिद्ध झाला होता. बालगंधर्वांची थोरवी निर्विवाद मानूनही, स्त्रीच्या स्वराची अस्मिता निश्चित करण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न समीक्षेला टाळता येत नाही.