फोलिक अ‍ॅसिड: नाव पालकाचं, शोध मुंबईतला

गरोदर स्त्रीला पहिल्या तपासणीत लिहून दिली जाणारी ती छोटी गोळी म्हणजे फोलिक अ‍ॅसिड, अर्थात बी-९ जीवनसत्त्व. त्याच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईत झाली, हे अनेकांना ठाऊक नसतं.

१९२८ मध्ये लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. इथल्या गरीब बायकांना, त्यात गिरणी कामगारही होत्या, गरोदरपणात जीवघेणा अ‍ॅनिमिया होत असे. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात; इथे त्या नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. विल्स यांनी बायकांचा आहार तपासला, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. अखेर गुण आला तो मार्माइटने, म्हणजे ब्रेडला लावून खायच्या यीस्टच्या स्वस्त, खारट अर्काने! १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अर्कातला नेमका पदार्थ कळला नव्हता, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

पुढे नावांचा गोंधळच झाला. माकडांना लागतं म्हणून कुणी 'व्हिटॅमिन एम' म्हणे, कोंबडीच्या पिल्लांवरून कुणी 'बीसी'. १९४१ मध्ये टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी तब्बल चार टन पालकातून काढलेल्या पदार्थाला 'फोलिक अ‍ॅसिड' म्हटलं. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान. खरं रासायनिक नाव टेरॉइलग्लुटामिक अ‍ॅसिड. ते रूढ झालं नाही, हे बरंच झालं.

शरीरात हे जीवनसत्त्व हमालाचं काम करतं. एकेका कार्बन अणूचा तुकडा उचलून डीएनए बनवण्याच्या कामी पोचवतं. ते कमी पडलं की पेशी वाढते, पण वेळेवर दुभंगत नाही. विल्स यांना दिसलेल्या मोठ्या पेशींचं कारण हेच.

गर्भात तर पेशी झपाट्याने दुभंगतात. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चारच आठवड्यांत मिटते. तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. "तिसऱ्या महिन्यापासून घेते," असं म्हणणाऱ्या भगिनींनो, या कामासाठी तोवर उशीर झालेला असतो. मूल हवं असेल तर निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावं. आधीच्या बाळात असा दोष असल्यास डोस जास्त लागतो, तो डॉक्टरांनाच ठरवू द्या.

अ‍ॅनिमियासाठी मात्र ही गोळी मनाने घेऊ नका. बी-१२ कमी असतानाही पेशी अशाच मोठ्या होतात. नुसत्या फोलिक अ‍ॅसिडने तेव्हा रक्त सुधारतं, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहते.