तळटीप: मोस्कातो द'आस्ती

* मोस्कातो द'आस्ती: वायव्य इटलीतील पिएमाँते प्रांतातली गोड, हलकी फसफसणारी पांढरी वाइन. हिला शॅम्पेनची स्वस्त नक्कल समजणे अन्यायाचे आहे. मद्यार्क सुमारे ५ टक्क्यांवर पोचला की टाकी गार करून आंबणे थांबवतात आणि यीस्ट गाळून काढतात. म्हणून मागे उरते ती मोस्कातो बियांको द्राक्षाची स्वतःची साखर आणि त्याचा ताजा सुवास. लांगे-मोन्फेरातोच्या टेकड्यांवरची चुनखडीयुक्त, पांढुरकी माती आणि रात्रीचा गारवा यांमुळे फळात आंबटपणा टिकतो. तो नसता तर हे नुसते सरबत झाले असते. उभ्या उतारांवर घड हातानेच खुडावे लागतात. हा द्राक्षमळ्यांचा प्रदेश २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कादंबरीकार चेझारे पावेझे इथल्याच सांतो स्तेफानो बेल्बो गावचा. — संपादक