बोटीचं छप्पर आणि सुकाणू: धडगावच्या नर्मदेची गोष्ट



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा कसला इतिहास? विषय आहे बोटीचं छप्पर आणि बोटीचं सुकाणू. पण बोट चालवणारा कुठे उभा राहतो आणि छपराचा उपयोग कशासाठी होतो, एवढं नीट पाहिलं तरी ती नदी कशी आहे आणि बोट कोणासाठी बांधलीय, हे कळतं. आणि कधी कधी त्यावर माणसांचे जीवही अवलंबून असतात.

चला धडगावला. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं हे मुख्य गाव, सातपुड्याच्या कुशीत. तालुक्याच्या उत्तरेला नर्मदा. ही पूर्वी धावती नदी होती. खडक, उतार, पावसाळ्यात जबरदस्त धार. ब्रिटिश काळात मोठ्या होड्या पावसाळ्यात भरुचपासून वर साधारण ६० मैल यायच्या. त्यापुढे डोंगर सुरू. त्यामुळे इथल्या भिल्ल आणि पावरा लोकांना नाव लागायची ती मुख्यतः पैलतीरी जायला. एवढ्याशा प्रवासाला छप्पर कशाला? आणि वल्हं हेच सुकाणू.

मग आलं सरदार सरोवर. धरणाची उंची २००६ मध्ये १२१.९२ मीटर झाली, २०१७ मध्ये १३८.६८ मीटर, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. लांबी किती? तब्बल २१४ किलोमीटर! महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. त्यातली २४ अक्राणीतली, ९ अक्कलकुव्यातली. शेतं बुडाली, तशा पायवाटाही बुडाल्या. जे लोक डोंगरउतारावर राहिले, त्यांच्यासाठी बोट हीच एसटी झाली. बाजार, रेशन, दवाखाना, सगळं पाण्यावरून. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना आला. मतदान पथकंही बोटीने जाऊ लागली.

म्हणजे नदी बदलली आणि बोटीचं कामही बदललं. आता प्रवास तासन् तासांचा. डोक्यावर ऊन, पाऊस. आता छप्पर हवंच. पण कसं?

आधी सुकाणू बघू. जगात याच्या तीन मुख्य तऱ्हा. पहिली, मागे उभं राहून दांडा धरायचा. इंग्लंडच्या कालव्यांतल्या अरुंद बोटी अशाच. रुंदी जेमतेम सात फूट, लांबी सत्तर फुटांपर्यंत, आणि चालवणारा सगळ्यात मागे, उघड्यावर. फायदा असा की अख्खी बोट नजरेसमोर राहते आणि यंत्रणा एकदम साधी, बिघडण्यासारखं फार काही नाही. दुसरी तऱ्हा पुढे बसून चाक फिरवायचं, केरळच्या हाउसबोटींसारखी. किनारा छान दिसतो, पण बोटीचं शेपूट कुठे वळतंय ते दिसत नाही. तिसरी, सगळ्यात उंच खोलीतून चालवायचं. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवरच्या आगबोटी अशा असायच्या. लेखक मार्क ट्वेन यांनी १८५९ मध्ये तिथे वाटाड्याचा परवाना मिळवला होता. इतकं उंच कशाला? कारण पाण्याखालची वाळू आणि अडकलेली झाडं पाण्याच्या पृष्ठभागावरच्या रेषांवरून ओळखावी लागायची, आणि त्या रेषा वरूनच दिसतात.

जलाशयातही पाण्याखाली जुनी झाडं आणि टेकड्या दडलेल्या असतात. पाणी उतरलं की त्या वर येतात. म्हणून इथे नावाड्याला पुढचं स्पष्ट दिसणं ही चैन नाही. मागून चालवणाऱ्याच्या पुढे छपराखाली माणसं उभी राहिली, तर तो आंधळाच झाला म्हणा.

आता छप्पर. युरोपातल्या ऱ्हाईन नदीवर पूल बुटके, म्हणून मोठ्या प्रवासी जहाजांची सुकाणूची खोलीसुद्धा खाली घेता येते. केरळात बांबूचं हलकं छप्पर. मुद्दा सगळीकडे एकच: वरचं वजन. साधा हिशेब करा. साठ किलोची दहा माणसं छपरावर बसली, म्हणजे सहाशे किलो पाण्यापासून दोन-अडीच मीटर उंच गेलं. बोट जराशी कलली की तेच वजन तिला आणखी कलवतं. शिवाय माणूस म्हणजे पोतं नाही, तो घाबरून सरकतो.

याची किंमत आपण मोजलीय. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या जलाशयात दुमजली बोट उलटली. प्राणी बघायला लोक एका बाजूला गेले होते. ४५ जण गेले. ७ मे २०२३ रोजी तानूरला २२ जण गेले. मासेमारीच्या बोटीवर मजला चढवून पर्यटकांना नेत होते.

आणि आपल्या धडगावात? १५ जानेवारी २०१९, संक्रांतीचा दिवस. भूषा इथे भाविकांची बोट उलटली. साधारण साठ माणसं बोटीत होती. किमान सहा जणांचा जीव गेला. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

इथे प्रश्न नुसता नावाड्याचा नाही. धरणाच्या खालच्या अंगाला, त्याच नर्मदेवर, २०२० पासून पर्यटकांसाठी क्रूझ धावते, सुमारे सहा किलोमीटर. पर्यटकांच्या बोटीत छप्पर म्हणजे बहुतेकदा देखावा बघायची गच्ची. वरच्या अंगाच्या गावकऱ्याला छप्पर हवं ते आजारी माणसाला सावली मिळावी आणि रेशनचं धान्य भिजू नये म्हणून. दुसरी फेरी कधी होईल याची खात्री नसली की माणसं मिळेल त्या जागी चढतात, छपरावरसुद्धा. म्हणजे सुरक्षित छप्पर हवं असेल तर हलकं साहित्य आणि लाइफ जॅकेट तर हवंच, पण पुरेशा फेऱ्याही हव्यात.

१९१७ चा जुना अंतर्देशीय जहाज कायदा जाऊन २०२१ चा नवा आला. त्यात नोंदणी आहे, तपासणी आहे. पण काठावर उभ्या माणसाला कायद्याआधी बोट दिसते. तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही बोटीत चढताना, तापोळा असो, अलिबाग असो की भूषा, दोन गोष्टी बघा. चालवणाऱ्याला पुढचं दिसतंय का? आणि छपरावर कोणी बसलंय का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर सरळ पुढच्या फेरीसाठी थांबा.