होकोन : एका राजाने उसनं घेतलेलं नाव

पोस्ट थोडी लांब आहे मंडळी. चहा घेऊन बसा, सावकाश वाचा.

संध्याकाळी टर्फवर फुटबॉल खेळणारी आपली पोरं 'हालंड, हालंड' ओरडत असतात. मँचेस्टर सिटीचा तो धिप्पाड एर्लिंग. त्याच्या देशात, म्हणजे नॉर्वेत, त्याच आडनावाचा उच्चार 'होलान'च्या जवळ जातो. रोमन लिपीत दोन 'ए' शेजारी दिसले की आपण 'हा' वाचतो, तिथली माणसं 'हो' वाचतात. १९१७ साली नॉर्वेने शुद्धलेखन बदललं. त्या दोन 'ए'च्या जागी डोक्यावर छोटं गोल असलेला एकच 'ए' आला. काही घराण्यांनी जुनं स्पेलिंग तसंच ठेवलं. उच्चार दोन्हीकडे एकच.

आमच्या धंद्यात नाव चुकलं की दुसऱ्या दिवशी माणूस पेपर घेऊन दारात उभा राहतो. त्यामुळे नावांच्या भानगडीत शिरायची मला खोड आहे. या दोन 'ए'चा माग काढत गेलो आणि एका वेगळ्याच नावापाशी येऊन थांबलो. आपण ज्याला 'हाकोन' वाचू, ते नॉर्वेतलं जुनं मुलाचं नाव, 'होकोन'. राजवाड्यात ते दोन 'ए' लावून लिहितात, सामान्य घरात बहुतेकदा गोलवाल्या 'ए'ने.

आधी अर्थ. जुन्या नॉर्स भाषेत हे नाव 'हाकोन' होतं. बहुतेक अभ्यासक त्याची फोड दोन शब्दांत करतात. 'हा' म्हणजे उंच, थोर. 'कोन्र' म्हणजे वंशज, कुळातला माणूस. थोडक्यात, थोर कुळातला मुलगा. गंमत म्हणजे हा 'कोन्र' ज्या प्राचीन धातूपासून आला, त्यातूनच संस्कृतमधला 'जन्' आला आणि तिथून आपल्या तोंडातले 'जन्म', 'जन', 'जनता' हे शब्द. हजारो मैल दूरचं नाव, पण त्याचा अर्धा भाग आपल्या नात्यातला निघाला.

आता इतिहास. पहिला मोठा होकोन दहाव्या शतकातला. नॉर्वे एका सत्तेखाली आणणारा म्हणून ज्याचं नाव घेतात, त्या हाराल्डचा हा धाकटा मुलगा. तो वाढला इंग्लंडमध्ये, राजा अ‍ॅथेलस्टनच्या दरबारात. परत येऊन राजा झाला. तो ख्रिस्ती होता, प्रजा जुन्या देवांची. त्याने धर्म बदलायचा प्रयत्न केला, लोकांनी दाद दिली नाही, तेव्हा त्याने फार ताणलंही नाही. लोक त्याला 'भला होकोन' म्हणू लागले.

दुसरी गोष्ट १२०६ च्या हिवाळ्यातली. देशात यादवी माजलेली. एका गटाचं नाव बिर्केबाइनर, म्हणजे 'भूर्जपाय'. इतके गरीब, की पायाला भूर्जाच्या साली गुंडाळून लढायचे, म्हणून हे नाव. त्यांच्या मेलेल्या राजाचा जेमतेम दीड-दोन वर्षांचा मुलगा होता होकोन. शत्रूच्या हाती लागला असता तर संपलाच. दोन गड्यांनी त्याला छातीशी धरलं आणि स्कीवर, बर्फाच्या वादळातून, लिलेहामरकडून डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात नेलं. पोर वाचलं. १२१७ साली राजा झालं आणि ४६ वर्षं टिकलं. आईसलँड आणि ग्रीनलँड याच होकोनच्या काळात नॉर्वेच्या सत्तेखाली आले.

त्या धावण्याची आठवण म्हणून नॉर्वेत १९३२ पासून स्कीची शर्यत होते. अंतर ५४ किलोमीटर. प्रत्येक स्पर्धकाच्या पाठीवर किमान साडेतीन किलोचं ओझं सक्तीचं, त्या लेकराच्या नावाने. १९९४ च्या लिलेहामर हिवाळी ऑलिम्पिकच्या दोन शुभंकरांपैकी मुलाचं नाव होकोनच होतं.

पण नुसतं गोड लिहून चालणार नाही. नॉर्वेच्या जुन्या राजांच्या कथा ज्याने लिहून ठेवल्या, 'भल्या होकोन'चीही ज्याने लिहिली, तो आईसलँडचा स्नोरी स्टुर्लुसन. १२४१ साली त्याला त्याच्याच घरात मारलं गेलं, तेही या बर्फातून वाचवलेल्या होकोन राजाची त्याच्यावर खप्पा मर्जी झाल्यावर, राजाच्याच आदेशाच्या आधाराने. होकोनांची कीर्ती लिहिणारा होकोनच्या हुकमाने गेला. लिहिण्याच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून जरा गार वाटतं.

सहावा होकोन १३८० मध्ये वारला. त्याचा मुलगा ओलाव आधीच डेन्मार्कचा राजा झाला होता, त्यामुळे दोन्ही मुकुट एका डोक्यावर आले. पुढे नॉर्वे चारशेहून जास्त वर्षं डेन्मार्कच्या सावलीत राहिलं. १८१४ मध्ये ते डेन्मार्ककडून सुटलं, १७ मे रोजी स्वतःची राज्यघटनाही केली, पण त्याच वर्षी स्वीडनच्या राजाखाली जावं लागलं. या सगळ्या काळात नॉर्वेच्या गादीवर एकही होकोन नव्हता. नाव उरलं पोथ्यांत आणि घराघरांत. एकोणिसाव्या शतकात राष्ट्रीय भावना जागी झाली तेव्हा लोकांनी जुनी नावं पुन्हा काढली. हाराल्ड, ओलाव, सिगूर, होकोन. पाळण्यातलं नाव हेसुद्धा 'आम्ही वेगळे आहोत' हे सांगायचं साधन झालं.

मग आलं १९०५. परदेशांत नॉर्वेचे स्वतंत्र वाणिज्यदूत असावेत, यावरून स्वीडनशी ठिणगी पडली. ७ जूनला नॉर्वेच्या संसदेने स्वीडनबरोबरचा संयोग संपल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये जनमत घेतलं. संयोग मोडावा म्हणणारे ३,६८,२०८ आणि मोडू नये म्हणणारे फक्त १८४.

आता राजा कोण? डेन्मार्कच्या राजघराण्यातला कार्ल नावाचा तेहतीस वर्षांचा नौदल अधिकारी पुढे आला. बायको इंग्लंडच्या राजाची मुलगी, मॉड. गादी ताटात वाढून समोर आलेली. पण त्याने अट घातली. आधी लोकांना विचारा, त्यांना राजा हवाय की प्रजासत्ताक. नॉर्वेत प्रजासत्ताकवाले कमी नव्हते, आणि हे त्याला माहीत होतं. १२ आणि १३ नोव्हेंबरला मतदान झालं. बाजूने २,५९,५६३, विरुद्ध ६९,२६४. म्हणजे पाचातल्या एकाने 'नको' म्हटलंच. बायकांना तेव्हा मत नव्हतं. संसदेच्या निवडणुकीत सगळ्या बायकांना मत मिळायला १९१३ उजाडलं.

१८ नोव्हेंबरला संसदेने त्याची निवड केली आणि इथे नावाचा प्रश्न आला. संयोगाच्या काळात नॉर्वेवर पाच राजे झाले, त्यातले तिघे कार्ल. स्वतंत्र झालेल्या देशाला पुन्हा कार्ल कसा चालेल? त्याने नाव घेतलं होकोन, सातवा. त्याचा दोन वर्षांचा मुलगा अलेक्झांडर, तो झाला ओलाव. मधली ५२५ वर्षं जणू झालीच नाहीत, अशा थाटात मोजणी सहाव्यावरून सातव्यावर गेली.

खरं सांगतो, इथपर्यंत वाचलं तेव्हा मला हे नाटकच वाटलं. डेन्मार्कमध्ये जन्मलेला, डॅनिश बोलणारा माणूस. त्याने पोथीतलं नाव उचललं म्हणून तो नॉर्वेचा झाला?

नुसत्या नावाने काम होत नाही, याचा दाखला नॉर्वेतच आहे. राजधानीचं नाव तेव्हा क्रिस्टियानिया होतं. डॅनिश राजा चौथ्या क्रिस्टियानने १६२४ मध्ये आपल्या नावावरून ठेवलेलं. १९२५ पासून तिथे जुनं 'ओस्लो' परत आलं आणि ते रुजलं. दुसरं शहर ट्रॉनहेम. त्याला मध्ययुगातलं 'निदारोस' हे नाव द्यायचं संसदेने ठरवलं. गावकऱ्यांनी आधीच मतदान करून 'नको' सांगितलं होतं. तरी १९३० च्या १ जानेवारीला नाव बदललं. लोक रस्त्यावर उतरले. सव्वा वर्षाच्या आत, मार्च १९३१ मध्ये, सरकारला माघार घ्यावी लागली. नाव जुनं होतं, इतिहासाला धरून होतं, मानाचं होतं. पण राहणाऱ्यांना ते नको होतं.

होकोनची परीक्षा झाली एप्रिल १९४० मध्ये. ९ तारखेला पहाटे जर्मनीने हल्ला केला. ओस्लोच्या खाडीत जुन्या किल्ल्यावरच्या तोफांनी 'ब्ल्युखर' ही जर्मन युद्धनौका बुडवली. त्यामुळे काही तास मिळाले आणि राजा, सरकार, संसद राजधानीतून निसटले. संध्याकाळी क्विस्लिंग नावाच्या नाझीधार्जिण्या पुढाऱ्याने रेडिओवरून स्वतःलाच पंतप्रधान जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी एल्व्हेरूम गावात जर्मन राजदूत राजाला भेटला. मागणी सरळ होती. क्विस्लिंगला नेमा, प्रतिकार थांबवा.

राजा तेव्हा ६७ वर्षांचा. त्याने मंत्रिमंडळाला जे सांगितलं त्याचा आशय असा : निर्णय तुमचा आहे, माझा दबाव नाही. पण या माणसाला मी नेमू शकत नाही. तुम्हाला मान्य करायचं असेल तर मी गादी सोडतो. मंत्रिमंडळ त्याच्या मागे उभं राहिलं. पुढच्याच दिवशी, ११ एप्रिलला, जर्मन विमानांनी तो थांबला होता त्या नीबर्गसुन गावावर बॉम्ब टाकले. राजा आणि युवराज रानात पळाले म्हणून वाचले. दोन महिने उत्तरेकडे सरकत, ७ जूनला ते ट्रोम्सोहून ब्रिटिश जहाजाने इंग्लंडला गेले. मागे राहिलेल्या संसदेच्या अध्यक्षमंडळाने जर्मन दबावाखाली गादी सोडायची विनंती केली. त्याने नकार दिला आणि तो बीबीसीवरून सगळ्या देशाने ऐकला.

आणि मग ते उसनं नाव लोकांचं झालं. रोमन लिपीतला 'एच' आणि त्यात अडकवलेला ७ चा आकडा. होकोन सातवा. भिंतींवर, रस्त्यांवर, बर्फावर बोटाने किंवा काठीने काढलेला. बर्फावर काढलेलं चिन्ह पुसलं तरी दुसऱ्या सकाळी नवं दिसायचं. राजाच्या सत्तराव्या वाढदिवसाला, ३ ऑगस्ट १९४२ ला, लोक कोटाला फूल लावून रस्त्यावर फिरले आणि त्यासाठी पकडलेही गेले. कार्ल हे नाव राहिलं असतं तर 'के' काढला असता का? अक्षर कुठलंही चाललं असतं म्हणा. त्यात बळ होतं ते एल्व्हेरूमच्या नकाराचं.

राजा परतला ७ जून १९४५ ला. देश सोडून बरोबर पाच वर्षं, आणि स्वीडनशी फारकत होऊन बरोबर चाळीस. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये तो वारला. जवळपास ५२ वर्षं गादीवर होता.

हे नाव फार लांब पोचलंय. अमुंडसेन डिसेंबर १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला, तेव्हा त्याने तिथल्या पठाराला याच राजाचं नाव दिलं. शेजारच्या स्वीडनमध्ये हेच नाव 'होकान' होतं. तिथे ते विसाव्या शतकाच्या मध्यातल्या पिढीचं वाटतं. लेखक होकान नेसर १९५० सालचे. आईसलँडमध्ये 'हाकोन', डेन्मार्कमध्ये 'हाकोन'च. नॉर्वेत मात्र ते म्हाताऱ्यांपुरतं उरलेलं नाही, आजही पाळण्यात ठेवलं जातं. तिथलं सांख्यिकी खातं दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढतं, तेव्हा एकाच नावाची वेगवेगळी स्पेलिंगं एकत्र मोजतं. राजवाड्याचा दोन 'ए'वाला आणि शेतकऱ्याचा गोलवाला, दोघे एकाच ओळीत. आताचा युवराज १९७३ सालचा, त्याचंही नाव होकोन. गादीवर आला की आठवा.

मला यातून एवढंच दिसलं. मोठं नाव इतिहासातून उचलून घेणं सोपं आहे, त्याला एक ठराव पुरतो. ते उसनं असतं. कधीतरी फेडायची वेळ येते, आणि ती वेळ सांगून येत नाही. कार्लने १९०५ मध्ये नाव घेण्याआधी लोकांना विचारलं आणि पस्तीस वर्षांनी एका गावात बसून त्या नावाचं देणं फेडलं. निदारोसच्या वेळी लोकांनी सांगितलेलं ऐकलं नाही, तर सव्वा वर्षात पाट्या उतरवाव्या लागल्या.

'थोर कुळातला' हा त्या नावाचा अर्थ. त्यातला 'थोर' त्याला जन्माने मिळाला होता. दुसरा अर्धा भाग, जो आपल्या 'जन'चा भाऊ लागतो, तो त्याला ६७ व्या वर्षी मिळाला.

तुमच्या नावामागे काय गोष्ट आहे? कोणी ठेवलं, का ठेवलं? खाली लिहा. सगळं वाचतो मी.